मुक्त स्रोत साधनांनी ईमेल गेटवेवर स्पॅम गाळणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे, त्याच्या पुढे स्पॅम गाळणारा वेगळा गेटवे उभा करायचा आहे आणि तो पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा), आरस्पॅमडी व स्पॅमअसॅसिन (स्पॅम ओळखणारे फिल्टर), क्लॅमएव्ही (विषाणू शोधणारा) यांसारख्या मुक्त स्रोत साधनांवर चालवायचा आहे, अशा प्रशासकांना पडणारे प्रश्न येथे घेतले आहेत. लिनक्सवर सेवा बसवणे, डीएनएसमधील नोंदी बदलणे आणि लॉग वाचणे वाचकाला जमते, असे गृहीत धरले आहे.

मेल सर्व्हरवरच फिल्टर बसवता येतो. मग वेगळा गेटवे कशासाठी?

सर्व खाती एकाच सर्व्हरवर असतील आणि त्या सर्व्हरवर फिल्टर बसवण्याची मुभा असेल, तर वेगळ्या गेटवेची गरज बहुधा नसते. केवळ रचना नीटनेटकी दिसावी म्हणून तो उभारू नये, कारण सांभाळायचे एक यंत्र वाढते. मात्र आतले सर्व्हर एकापेक्षा जास्त असतील, त्यांतील एखादे बंदिस्त उत्पादन असेल, किंवा ज्या यंत्रावर लोकांच्या टपालपेट्या आहेत ते थेट इंटरनेटसमोर ठेवायचे नसेल, तर गेटवेला अर्थ आहे.

गेटवे उभारल्यावर दोन गोष्टी हमखास राहून जातात. आतल्या सर्व्हरचे २५ क्रमांकाचे पोर्ट फक्त गेटवेसाठी उघडे ठेवावे, कारण स्पॅम पाठवणारे डीएनएसमधील एमएक्स नोंदीचा, म्हणजे डोमेनचा मेल कोठे द्यायचा हे सांगणाऱ्या नोंदीचा, मान राखतीलच असे नाही. जुना आयपी पत्ता त्यांच्याकडे असेल तर ते गेटवेला वळसा घालून सरळ आत येतात. दुसरे असे की आतल्या सर्व्हरला आता प्रत्येक मेल गेटवेच्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो, त्यामुळे तेथील एसपीएफ (या आयपीला त्या डोमेनचा मेल पाठवण्याची मुभा आहे का) आणि ब्लॉकलिस्टच्या (स्पॅम पाठवणाऱ्या पत्त्यांच्या यादीच्या) तपासण्या बंद कराव्या लागतात. अन्यथा चांगले मेल आतल्या दारावर अडतात.

याचीच उलट बाजू अधिक धोक्याची आहे. गेटवे स्वतः एखाद्या लोड बॅलन्सरच्या किंवा पत्ते बदलणाऱ्या फायरवॉलच्या मागे असेल आणि त्याला बाहेरचे सर्व पाहुणे, म्हणजे जोडणी करणारे सर्व्हर, अंतर्गत पत्त्यावरून आलेले दिसत असतील, तर पोस्टफिक्स त्यांना घरचे समजून कोणाचाही मेल कोठेही पोहोचवू लागतो. गेटवे सुरू करण्यापूर्वी लॉगमध्ये पाठवणाऱ्याचा खरा आयपी पत्ता उमटतो आहे की नाही, हे प्रत्यक्ष पाहावे.

आरस्पॅमडी घ्यावा की स्पॅमअसॅसिन?

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आरस्पॅमडी घ्यावा, असे आमचे मत आहे. स्पॅमअसॅसिन हा २००१ सालापासूनचा, पर्ल भाषेत लिहिलेला आणि आता अपाचे प्रतिष्ठानाकडे असलेला प्रकल्प आहे. त्याचा नियमसंग्रह समृद्ध आहे, पण तो स्वतः केवळ गुण देतो. मेल त्याच्यापर्यंत नेणे आणि निकालावर कृती करणे यासाठी आमाविससारखा मध्यस्थ किंवा एखादा मिल्टर, म्हणजे मेल सर्व्हरला जोडता येणारा तपासणी-प्रोग्राम, लागतो. आरस्पॅमडी सी भाषेत लिहिलेला असून त्याचे नियम लुआ भाषेत आहेत. तो एकाच वेळी अनेक मेल हाताळतो, पोस्टफिक्सशी मिल्टर पद्धतीने थेट बोलतो, आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरील डोमेनची सही), डीमार्क (या दोन्हींत नापास मेलचे काय करायचे हे सांगणारे डोमेनचे धोरण), ग्रेलिस्टिंग (अनोळखी मेल आधी तात्पुरता नाकारणे), वेगमर्यादा ही कामे त्याच्याच पोटात होतात. त्याला माहिती साठवण्यासाठी रेडिस लागतो. रेडिसचा परवाना २०२४ साली बदलल्यानंतर त्यापासून व्हॅल्की हा प्रकल्प फुटून निघाला. मुक्त परवान्याबाबत काटेकोर असणाऱ्यांना तोही पर्याय आहे.

स्पॅमअसॅसिनवर अनेक वर्षे स्वतःचे नियम लिहून ठेवलेले असतील, तर ते मोडीत काढण्याची घाई नको. २०२२ साली आलेल्या ४.० आवृत्तीपासून युनिकोडमधील मजकूर तो पूर्वीपेक्षा बराच नीट हाताळतो, आणि लॅटिनेतर लिपीत मेल येणाऱ्यांसाठी ही मोठी सुधारणा आहे. दोन्ही एकामागोमाग एक लावणे मात्र टाळावे. एखादा मेल का अडला हे शोधताना दोन गुणपत्रिका जुळवत बसावे लागते. सर्व काही हाताने जोडायचे नसेल, तर प्रॉक्समॉक्स मेल गेटवे हे डेबियनवर आधारलेले, स्पॅमअसॅसिन व क्लॅमएव्ही वापरणारे तयार मुक्त स्रोत उत्पादन उपलब्ध आहे.

स्पॅम नाकारायचा केव्हा: जोडणी चालू असताना, की मेल घेऊन झाल्यावर?

जोडणी चालू असताना. गेटवेबाबतचे बाकीचे बहुतेक निर्णय या एका निर्णयातून निघतात, म्हणून त्याची कारणे सविस्तर सांगतो.

एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांना मेल देण्याच्या, नियमावलीनुसार पाठवणारा सर्व्हर मजकूर देऊन झाल्यावर शेवटी केवळ एक टिंब असलेली ओळ पाठवतो आणि उत्तराची वाट पाहतो. आपण २५० असे उत्तर दिले की त्या क्षणापासून मेलची जबाबदारी आपली होते. त्याऐवजी ५५० किंवा ५५४ असे उत्तर दिले, तर जबाबदारी पाठवणाऱ्याकडेच राहते, आणि तो खरा माणूस असेल तर त्याच्याच सर्व्हरकडून त्याला मेल पोहोचला नसल्याचे कळते. फिल्टरने चुकून चांगला मेल अडवला तरी तो कोणाच्या नकळत नाहीसा होत नाही, हा यातला खरा लाभ आहे.

एकदा मेल घेतला की पुढे तीनच वाटा उरतात: पोहोचवणे, गुपचूप टाकून देणे, किंवा परत पाठवणे. गुपचूप टाकलेल्या मेलचा पत्ता पाठवणाऱ्यालाही लागत नाही आणि ज्याला तो हवा होता त्यालाही लागत नाही. परत पाठवणे तर त्याहून वाईट, कारण स्पॅममधील पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटा असतो आणि परतीचा मेल भलत्याच निरपराध माणसाच्या पेटीत जाऊन पडतो. यालाच बॅकस्कॅटर म्हणतात, आणि तो करणाऱ्या गेटवेचा आयपी पत्ता काही काळाने स्वतःच ब्लॉकलिस्टवर जातो.

म्हणून पोस्टफिक्समध्ये आरस्पॅमडी मिल्टर म्हणून जोडावा; त्याचा प्रॉक्सी घटक ११३३२ या पोर्टवर ऐकतो. आमाविसची रूढ मांडणी, ज्यात मेल रांगेत घेतल्यावर १००२४ पोर्टवर तपासणीस जातो आणि १००२५ वर परत येतो, ती या दृष्टीने उशिराची आहे. तेथे नाकारण्याची वेळ टळून गेलेली असते आणि केवळ खूण करणे किंवा बाजूला ठेवणे शक्य असते. जोडणी चालू असताना तपासणी केल्याने पाठवणाऱ्याला थोडे थांबावे लागते हे खरे, परंतु शेवटच्या टिंबानंतरच्या उत्तरासाठी नियमावली पाठवणाऱ्याला १० मिनिटे थांबायला सांगते, आणि नीट बसवलेली तपासणी काही सेकंदांत संपते.

आतल्या पत्त्यांची यादी गेटवेकडे कशासाठी हवी?

याच कारणासाठी. कोणते पत्ते अस्तित्वात आहेत हे गेटवेला ठाऊक नसेल, तर तो कोणत्याही नावाचा मेल घेतो, आतला सर्व्हर तो नाकारतो आणि परतीचा मेल पाठवण्याचे पाप गेटवेच्या माथी येते. यादी निर्देशिका सेवेतून, म्हणजे एलडॅपमधून, थेट विचारता येते किंवा ठरावीक वेळाने फाइल तयार करून देता येते. तेही शक्य नसल्यास पोस्टफिक्स आतल्या सर्व्हरला 'हा पत्ता आहे का' असे विचारून उत्तर लक्षात ठेवू शकतो. अशा वेळी पत्ता नसल्यास पोस्टफिक्स मुळात ४५० हे तात्पुरते उत्तर देतो. खात्री पटल्यावर ते ५५० करावे, नाहीतर पाठवणारे सर्व्हर दिवसेंदिवस पुन्हा पुन्हा येत राहतात.

मजकूर तपासण्याआधीच किती स्पॅम अडवता येतो?

बराच. पोस्टफिक्ससोबत येणारा पोस्टस्क्रीन खऱ्या एसएमटीपी सेवेच्या पुढे बसतो. तो स्वागताची पहिली ओळ अर्धवट देऊन साधारणतः ६ सेकंद थांबतो. एवढ्यात जो पाहुणा आपली पाळी येण्यापूर्वीच बोलू लागतो, तो बहुधा घाईत असलेला बॉट असतो. त्याच वेळात ब्लॉकलिस्टही विचारून होतात. पोस्टस्क्रीनमधील स्वागतानंतरच्या सखोल चाचण्या मात्र सुरुवातीला बंदच ठेवाव्यात, कारण त्या उत्तीर्ण झालेल्या पाहुण्यालाही एकदा परत जाऊन पुन्हा यायला लावतात, आणि मोठ्या सेवा दर खेपेस वेगळ्या आयपी पत्त्यावरून येत असल्याने मेल रेंगाळतात.

ब्लॉकलिस्ट लावली, तरी तिचा परिणाम का दिसत नाही? किंवा अचानक सगळेच मेल का अडू लागले?

दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते: गेटवे सार्वजनिक डीएनएस सेवेमार्फत प्रश्न विचारतो आहे. ब्लॉकलिस्टचा प्रश्न हा डीएनएस प्रश्नच असतो, आणि स्पॅमहाउससारख्या संस्था मोफत वापराची मर्यादा विचारणाऱ्या डीएनएस सर्व्हरवरून ठरवतात. हजारो लोक एकाच सार्वजनिक सेवेतून विचारत असतील, तर ती मर्यादा पाळणे अशक्य असल्याने त्यांना खरे उत्तर मिळत नाही. गेटवेवर अनबाउंडसारखा स्वतःचा डीएनएस रिझॉल्व्हर (डीएनएस प्रश्नांची उत्तरे शोधणारी सेवा) बसवावा आणि तो दुसऱ्या कोणाकडे प्रश्न न ढकलता मूळ सर्व्हरपासून स्वतः उत्तर शोधेल, असे पाहावे. रिझॉल्व्हर बसवूनही त्याला सार्वजनिक सेवेकडे बोट दाखवलेले असते, हा प्रकार आश्चर्य वाटावे इतका आढळतो.

सगळे मेल अडण्याचे कारण याहून सूक्ष्म आहे. स्पॅमहाउस सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या प्रश्नाला १२७.२५५.२५५.२५४ असे उत्तर देते. त्याचा अर्थ 'तुमचा प्रश्न चुकीच्या मार्गाने आला' असा आहे. पोस्टफिक्सला मात्र कोणती उत्तरे ग्राह्य धरायची हे सांगितले नसेल, तर काहीही उत्तर आले म्हणजे पत्ता यादीत आहे असे तो समजतो. म्हणून यादीच्या नावासोबत ग्राह्य उत्तरांचा पल्ला लिहावा. स्पॅमहाउसच्या एकत्रित झेन यादीसाठी तो १२७.०.०.२ ते १२७.०.०.११ असा आहे.

याद्या बंदही पडतात. एके काळी सर्वत्र वापरली जाणारी सॉर्ब्स यादी २०२४ साली बंद झाली. बंद पडलेल्या यादीचे डोमेन पुढे भलत्याच्या हाती गेले, तर ते प्रत्येक पत्त्याला होकार देऊ शकते. यासाठी प्रचलित संकेताचा उपयोग करावा: जिवंत यादीत १२७.०.०.२ हा पत्ता नेहमी असतो आणि १२७.०.०.१ कधीही नसतो. हे दोन प्रश्न रोज आपोआप विचारून उत्तर बदलले की इशारा मिळेल, अशी सोय करणे अवघड नाही. तीन-चार विश्वासार्ह याद्या पुरेत. पंधरा याद्या लावल्याने अचूकता वाढत नाही, फक्त चुकीची ठिकाणे वाढतात.

ग्रेलिस्टिंग अजून उपयोगी आहे का?

सरसकट नाही. अनोळखी पाठवणाऱ्याला तात्पुरता नकार द्यायचा आणि तो पुन्हा आला की घ्यायचे, ही युक्ती २००३ सालच्या सुमारास रूढ झाली, तेव्हा बॉट पुन्हा येतच नसत. आज लोक पासवर्ड बदलण्याचे किंवा एकदाच वापरायच्या संकेतांकाचे मेल काही सेकंदांत अपेक्षितात, आणि मेल १५ मिनिटांनी येईपर्यंत त्या संकेतांकाची मुदत संपलेली असते. आरस्पॅमडीची पद्धत अधिक शहाणी आहे: मुळात ४ किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या संशयित मेललाच तो थांबवतो. त्या थांब्यात ब्लॉकलिस्ट ताज्या होतात, आणि दुसऱ्या खेपेस तोच मेल पुष्कळदा उघड स्पॅम ठरतो.

एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तपासले की स्पॅम थांबतो का?

थांबत नाही, तोतयेगिरी कमी होते. स्पॅम पाठवणारा स्वतःच्या डोमेनसाठी तिन्ही नोंदी बिनचूक करू शकतो आणि करतोही. त्यामुळे 'डीकेआयएम सही बरोबर आहे' यासाठी गुण कमी करण्याची सवलत नाममात्रच असावी.

एसपीएफ एकट्याने नापास झाला म्हणून मेल नाकारू नये, कारण कोणी आपला मेल दुसऱ्या पत्त्यावर वळवून घेत असेल तर मधल्या सर्व्हरचा आयपी मूळ डोमेनच्या यादीत नसतो आणि प्रामाणिक मेलही नापास होतो. शिवाय एसपीएफच्या तपासणीत १० पेक्षा अधिक डीएनएस शोध करावे लागले तर नोंदच सदोष ठरते, आणि अनेक सेवा एकत्र जोडणाऱ्या संस्थांकडून ही मर्यादा सहज ओलांडली जाते. डीमार्कमध्ये डोमेनच्या मालकाने स्वतःच 'नाकारा' असे जाहीर केले असेल, तर त्याचा शब्द पाळणे रास्त आहे. तेथेही चर्चागटांच्या वाटेने आलेल्या मेलचा अपवाद ठेवावा लागतो. मधल्या सर्व्हरने मूळ निकाल सहीसह पुढे पाठवण्याची आर्क नावाची पद्धत यासाठीच आहे, परंतु ती त्या मधल्या सर्व्हरवर आपला विश्वास असेल तेवढीच कामाची आहे.

गुणांची मर्यादा किती ठेवावी?

आरस्पॅमडीत मुळात ४ गुणांना थांबवणे, ६ गुणांना स्पॅमची खूण करणे आणि १५ गुणांना नाकारणे, अशा पायऱ्या आहेत. स्पॅमअसॅसिनमध्ये ५ गुणांना मेल स्पॅम ठरतो. पहिले काही आठवडे यांना हात लावू नये. एखादा स्पॅम निसटला की मर्यादा खाली आणण्याचा मोह होतो, पण अशाने सुक्याबरोबर ओलेही जळते. त्या मेलला कोणत्या नियमाने गुण द्यायला हवे होते आणि का दिले नाहीत, हे लॉगमधून पाहावे. बहुतेक वेळा ब्लॉकलिस्टला उत्तर मिळालेले नसते किंवा शिकणारा फिल्टर अजून अप्रशिक्षित असतो. बदल करायचाच असेल तर आरस्पॅमडीच्या मूळ फाइलींत न करता लोकल.डी या निर्देशिकेत करावा, म्हणजे नवी आवृत्ती आली तरी तो टिकतो.

बेझियन फिल्टरला शिकवायचे कसे?

मेलमधील शब्दांवरून स्पॅमची शक्यता ठरवायला शिकणारा हा फिल्टर शिकवावा तो दोन्ही बाजूंनी, आणि आपल्याच मेलवर. आरस्पॅमडी असो वा स्पॅमअसॅसिन, मूळ सेटिंगनुसार किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकवल्याशिवाय हा भाग निकालात भागच घेत नाही. लोक उत्साहाने हजारो स्पॅम शिकवतात आणि चांगले मेल शिकवायचे विसरतात. मग फिल्टर मुका राहतो. दुसरीकडून मिळवलेला तयार स्पॅमचा साठा वापरू नये, कारण तुमच्या संस्थेचा नेहमीचा पत्रव्यवहार कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांत चालतो, हे त्यातून कळत नाही.

गेटवे वेगळा असल्याने येथे एक अडचण येते: स्पॅम ओळखणारा माणूस आतल्या सर्व्हरवर आणि शिकणारा फिल्टर बाहेर. आत डव्हकॉट हा टपालपेट्या सांभाळणारा सर्व्हर असेल तर वापरकर्त्याने मेल स्पॅम फोल्डरमध्ये हलवताच तो जसाच्या तसा गेटवेकडे शिकवणीस पाठवता येतो, आणि स्पॅम फोल्डरमधून बाहेर काढल्यास उलट शिकवता येते. तशी सोय नसेल तर वापरकर्त्यांनी मेल नेहमीसारखा पुढे पाठवून चालत नाही, कारण त्यात मूळ शीर्षनोंदी (हेडर) गळतात आणि फिल्टर आपल्याच सहकाऱ्याची सही स्पॅम म्हणून शिकतो. संपूर्ण मेल अटॅचमेंट म्हणून पाठवायला सांगावे. आणि एक: नको असलेली वृत्तपत्रिका म्हणजे स्पॅम नव्हे. स्वतः नाव नोंदवून नंतर कंटाळलेले लोक ती सर्रास स्पॅममध्ये ढकलतात. म्हणून सर्वांसाठी एकच शिकवणी असेल तर शिकवण्याचा अधिकार मोजक्या, समजदार लोकांकडे ठेवलेला बरा.

विषयाच्या आधी 'स्पॅम' असा शब्द जोडावा का?

नको. विषय बदलला की डीकेआयएम सही मोडते आणि पुढे कोणी तो मेल तपासला तर तो नापास होतो. वेगळी शीर्षनोंद जोडावी आणि आतल्या सर्व्हरवर सीव्ह (मेल फोल्डरांत वाटण्याचे नियम लिहिण्याची भाषा) नियमाने तिच्यावरून मेल स्पॅम फोल्डरमध्ये टाकावा.

क्वारंटाइन ठेवावे का?

मधल्या गुणांचे मेल वापरकर्त्याच्या स्वतःच्या स्पॅम फोल्डरमध्ये जात असतील, तर गेटवेवर निराळे क्वारंटाइन (अडवून ठेवलेल्या मेलांचा साठा) ठेवण्याचे फारसे कारण उरत नाही. ते ठेवले की कोणीतरी रोज चाळावे लागते, त्यात इतरांचा खासगी पत्रव्यवहार दिसतो, आणि कोणी चाळले नाही तर ते गुपचूप टाकून देण्याइतकेच वाईट. अपवाद फक्त धोकादायक अटॅचमेंटचा.

क्लॅमएव्ही किती भार टाकतो?

प्रोसेसरपेक्षा स्मृतीचा (रॅमचा) भार जास्त. त्याचा सह्यांचा, म्हणजे विषाणूंच्या ओळखखुणांचा, संग्रह स्मृतीत १ जीबीहून अधिक जागा घेतो, आणि नवा संग्रह चढवताना जुना व नवा काही काळ एकत्र राहत असल्याने ती गरज जवळपास दुप्पट होते. कमी स्मृतीच्या यंत्रावर दिवसातून एकदा, कोणतेही उघड कारण न दिसता क्लॅमएव्ही मरत असेल, तर बहुधा हेच घडत असते. नव्या विषाणूंच्या बाबतीत त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये; मेलमधून चालवता येण्याजोग्या फाइली, तसेच पासवर्ड घातलेल्या झिपमधील अशा फाइली प्रकारावरूनच अडवणे अधिक भरवशाचे ठरते.

फिल्टरची सेवाच बंद पडली तर मेलचे काय होते?

हे तुम्ही आधीच ठरवायचे असते. पोस्टफिक्सला मिल्टर सापडला नाही, तर मूळ सेटिंगनुसार तो तात्पुरता नकार देतो आणि पाठवणारे सर्व्हर नंतर पुन्हा येतात. आरस्पॅमडीच्या मार्गदर्शनात मात्र मेल न तपासता घेण्याचे सेटिंग सुचवलेले आहे. आमचा कौल तात्पुरत्या नकाराकडे आहे. प्रामाणिक सर्व्हर साधारणतः चार-पाच दिवस प्रयत्न करत राहतात, त्यामुळे तासाभराच्या खंडाने काही हरवत नाही. उलट त्या तासात न तपासलेला घातक मेल आत गेला तर तो परत काढता येत नाही. सेवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा नसेल तर मात्र हा पर्याय निवडू नये.

दुय्यम एमएक्स ठेवावा का?

ठेवलाच तर तो पहिल्यासारखाच, त्याच नियमांचा आणि त्याच पत्तायादीचा असावा. राखीव गेटवेवर पहारा ढिला असतो हे स्पॅम पाठवणाऱ्यांना माहीत आहे, आणि ते मुद्दाम त्याच दाराने येतात.

अडलेल्या पाठवणाऱ्याला कायमची सूट कशी द्यावी?

मेलमध्ये दिसणाऱ्या पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून सूट कधीही देऊ नये. तो कोणीही लिहू शकतो, आणि स्वतःच्याच डोमेनला अशी सूट देणे म्हणजे तोतयांना आमंत्रण आहे. सूट देताना त्या डोमेनची डीकेआयएम सही किंवा डीमार्क उत्तीर्ण असण्याची अट घालावी. आयपी पत्त्यावरून द्यायची असेल, तर तो पत्ता सामायिक सेवेचा नाही याची खात्री करावी. विषाणू तपासणीतून कोणालाही सूट नसावी. प्रत्येक नोंदीशेजारी कारण व तारीख लिहून ठेवावी. दोन वर्षांनी त्या नोंदी का आहेत, हे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

बाहेर जाणारे मेलही गाळावेत का?

होय, आणि यात कुचराई झाल्यास आत येणाऱ्या स्पॅमपेक्षा मोठा फटका बसतो. एका कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला गेला की रातोरात हजारो मेल बाहेर जातात, गेटवेचा आयपी ब्लॉकलिस्टवर जातो आणि सगळ्या संस्थेचे मेल अडतात. प्रत्येक खात्यासाठी ताशी मर्यादा घालावी. आरस्पॅमडीत तिची सोय आहे. मर्यादा ओलांडताच मेल रांगेत थांबावा आणि प्रशासकाला इशारा जावा. आपल्या डोमेनची डीकेआयएम सही गेटवेवर, म्हणजे मेलमध्ये शेवटचा बदल होऊन गेल्यावर करावी. गेटवेच्या आयपी पत्त्याची उलटी डीएनएस नोंद (आयपीवरून नाव सांगणारी) आणि त्या नावाची सरळ नोंद जुळत असावी. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क हे तिन्ही सक्तीचे केले आहे; गुगलच्या लेखी दिवसाला जीमेलच्या पत्त्यांवर सुमारे ५,००० मेल पाठवणारे त्यात येतात, आणि स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ देऊ नये, अशी त्याची अट आहे.

प्रत्यक्ष सुरुवात कोणत्या क्रमाने करावी?

आधी गेटवे उभा करून बाहेरच्या एखाद्या यंत्रावरून चार गोष्टी तपासाव्यात: परक्या डोमेनचा मेल तो नाकारतो का, नसलेला पत्ता ५५० ने नाकारतो का, जीट्यूब या प्रमाणित चाचणीमजकुराला स्पॅम म्हणतो का, आणि आयकार ही निरुपद्रवी चाचणीफाइल विषाणू म्हणून अडवतो का. एमएक्स बदलण्याच्या एक-दोन दिवस आधी त्या नोंदीची मुदत (टीटीएल) कमी करावी, म्हणजे काही बिनसल्यास लवकर मागे फिरता येते. सुरुवातीचे दिवस पोस्टफिक्समध्ये सॉफ्ट बाउन्स हे सेटिंग चालू ठेवावे. त्यामुळे पोस्टफिक्सचे स्वतःचे कायमचे नकार तात्पुरते होतात आणि चुकीने अडलेला मेल सुधारणेनंतर पुन्हा येतो. याच काळात आरस्पॅमडीत नाकारण्याची कृती बंद ठेवून केवळ खूण करावी आणि १५ पेक्षा अधिक गुण मिळालेल्या मेलांत एखादा चांगला मेल आहे का, हे पाहावे. असा एकही न सापडता पूर्ण महिनाअखेरचा पत्रव्यवहार, म्हणजे बिले, पगारपत्रके आणि बँकेची विवरणे, पार पडला की नाकारणे सुरू करावे आणि सॉफ्ट बाउन्स बंद करायला विसरू नये, कारण ते चालू राहिले तर नाकारलेले सर्व मेल पाठवणाऱ्यांच्या रांगेत पाच-पाच दिवस पडून राहतात आणि नकाराचे कारण त्यांना शेवटपर्यंत कळत नाही.